बुबुळातला फोटो

"काका, यातही तुम्ही समुद्राकडे बघताय," स्टुडिओतली रेवती म्हणाली. "मोबाइलकडे बघितलं असेल, तरच फोटो काढणारा माणूस तुमच्या बुबुळात उमटतो. तेवढ्यावरून मशीन त्याचा चेहरा तयार करतं."

सदानंद पेडणेकरांनी प्रवासातले चौसष्ट फोटो आणले होते. सगळे त्यांच्या बायकोने, कुमुदने काढलेले, म्हणून ती एकातही नव्हती. उद्या तिचं वर्षश्राद्ध होतं आणि भिंतीवर लावायला त्यांना आधार कार्डावरचा चेहरा नको होता.

कुठे ते डोंगर बघत होते, कुठे घड्याळ. शेवटी एक फोटो सापडला.

"इथे सरळ बघताय. पण केवढे चिडलाय!"

"बस सुटत होती. मी ओरडतोय आणि हिचे आपले फोटो चाललेत."

अर्ध्या तासाने पडद्यावर कुमुद दिसली. मोबाइल छातीशी धरून ती खळखळून हसत होती.

"तुमचं ओरडणं काकूंनी काही मनावर घेतलेलं दिसत नाही," रेवती म्हणाली.

"त्यानंतर दोन दिवस मी तिच्याशी बोललो नव्हतो," सदानंद म्हणाले.

फोटो केवढा मोठा करायचा, हे रेवतीला दोनदा विचारावं लागलं.