पिंपावरचा दगड

“आजी, आता तरी खाली ठेवू का याला? माझा खांदा गेला,” नाओ म्हणाली.

“ठेव. पण अलगद. आपटू नकोस.”

“दगड आहे तो. त्याला काय लागणार आहे?”

तरी नाओने पाठपिशवी अलगदच टेकवली. समोर गुहेचं तोंड होतं. प्रशांत महासागरातल्या पेलेलिऊ बेटावरचा हा डोंगर नुसता पांढरा, खडबडीत, जागोजागी टोकदार. सत्तर वर्षांपूर्वी, दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईत, जपानकडून लढताना नाओचे पणजोबा याच डोंगरात कायमचे राहिले. कुठल्या गुहेत, ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणून फुसाएआजीने चढताना जिथे आपले पाय थांबले, तीच गुहा वडिलांची मानली.

फुसाएने वडिलांना पाहिलंच नव्हतं. ते जपान सोडून निघाले तेव्हा ती आईच्या पोटात होती. लढाई संपल्यावर पांढऱ्या कापडात बांधलेला एक लाकडी खोका घरी आला. खोका जड लागला, म्हणून आईला क्षणभर बरं वाटलं. उघडला तर आत दगड. अस्थी मिळाल्या नाहीत, त्या बेटावरचा दगड आहे, असं आणणाऱ्याने मान खाली घालून सांगितलं. आई रडली नाही. तिने दगड उचलला, मागच्या पडवीत नेला आणि मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावर वजन म्हणून ठेवून दिला.

“त्यांचा दगड माझ्याकडे, माझा माणूस त्यांच्याकडे,” ती म्हणाली. “एक दिवस अदलाबदल करू.”

तो दिवस काही तिच्या आयुष्यात उजाडला नाही. जाताना तिने फुसाएचा हात घट्ट धरला होता. दगड देऊन ये. त्यांना घेऊन ये.

म्हणून ही यात्रा. सत्तर वर्षं मीठ आणि तांदळाचा कोंडा प्यायलेला दगड घासून घासून धुतला, तरी त्याचा वास जाईना. विमानतळावर पिशवी तपासणाऱ्याने नाक मुरडून विचारलं, “आत काय आहे?” नाओ म्हणाली, “पणजोबा.” आजीने तिला असा चिमटा काढला की तो अजून दुखत होता.

“झाली का तुमची विश्रांती?” मागून उलांग वर आली. डोंगर तिच्या घराण्याचा. तिला विचारल्याशिवाय इथे कुणी चढत नसे. वय नव्वदीकडे झुकलेलं, तोंडात सुपारी, आणि जपानी भाषा अगदी चोख. लहानपणी, इथे जपानचं राज्य असताना, शाळेत जपानी मास्तरांनी छड्या मारून शिकवली होती.

“इथून वस्तू उचलून नेणारे पुष्कळ पाहिले,” ती म्हणाली. “परत आणणारी तूच पहिली. दाखव बघू.”

नाओने टॉवेल सोडला. नारळाएवढा काळा दगड उन्हात आला. उलांगने वाकून त्याच्यावरून अंगठा फिरवला, बाजूला लाल पिंक टाकली आणि म्हणाली, “हा आमचा नाही.”

“अहो मावशी, नीट बघा,” फुसाए म्हणाली. “इथूनच आला होता तो.”

“तूच बघ की. काळा दगड दिसतोय का कुठे? सगळं बेट पोवळ्याचं. आमचा दगड पाय कापतो, बाई. हा नदीत लोळून लोळून असा गोटा झालाय. आणि आमच्याकडे नदीच नाही.”

फुसाएने चहूकडे पाहिलं. पांढरं, पांढरं, नुसतं पांढरं. तिचा चेहरा हरवलेल्या लेकरासारखा झाला.

“मग त्यांच्या बदल्यात मी देऊ काय?” ती म्हणाली.

नाओने मात्र दगड ओळखला होता. पडवीच्या अंधारात तो कधी नीट दिसलाच नव्हता. इथल्या लख्ख उन्हात शंका उरली नाही. दर उन्हाळ्यात पोहताना तिच्या पायांखाली हेच गोटे असायचे. कुणीतरी घाईघाईत जवळच्या नदीतून उचलून खोके भरले असणार. सांगू नये, असं तिला वाटलं. पण गप्प बसणं तिला कधी जमलंय?

“आजी, हा आपल्या कुजी नदीतला आहे. पुलाखालचा.”

फुसाएने दोन्ही हात दगडावर ठेवले. नाओला वाटलं, आता ही रडणार, आणि आपल्यामुळे रडणार. शेवटी फुसाए उलांगकडे वळली.

“मावशी, आमचा दगड तुमच्या डोंगरात ठेवला तर चालेल?”

उलांगने गुहेच्या तोंडाशी पडलेला पाचोळा पायाने बाजूला सारला आणि जागा करून दिली.

नाओ पुढे झाली, पण आजीने तिला थांबवलं. दगड तिने स्वतः उचलला, छातीशी धरून नेला आणि तिथे ठेवला. मग घरच्या विहिरीच्या पाण्याची बाटली उघडली. इथली माणसं तहानेने तडफडून गेली, म्हणून येणारा प्रत्येक जण पाणी आणतो. फुसाएने ते त्या दगडावर ओतलं.

तापलेल्या दगडातून वाफ निघाली आणि वास सुटला. मीठ, कोंडा, मुरलेला मुळा. प्रवासभर नाक दाबून बसलेल्या नाओच्या अंगावर सरसरून काटा आला. हा तर घराचा वास होता, दिवेलागणीला पडवीचं दार उघडल्यावर येणारा. पणजोबा याच वासातून उठून निघाले होते. आता तो हळूहळू गुहेत शिरत होता, आत, आणखी आत, जिथे त्यांच्यापैकी कुणीच जाऊ शकत नव्हतं.

फुसाए गुडघे टेकून अंधाराकडे तोंड करून बसली. ज्या शब्दाने तिला आयुष्यात कधी कुणाला हाक मारता आली नव्हती, तो तिने हलकेच उच्चारला.

“बाबा, हात धुऊन घ्या. ताट वाढलंय.”