बरगड्यांचा फोटो

"यांची सून कोण?" डॉक्टर तमन्ना शेख यांनी स्ट्रेचरवरच्या छबूबाईंकडे बोट करून, पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"मी," प्रणिता म्हणाली.

"तुम्ही जरा बाहेर बसा."

प्रणितानं नवऱ्याकडे पाहिलं. अजिनाथ हातातल्या मोबाईलकडे बघत होता. मोबाईल बंद होता. ती बाहेर गेली.

दार लागताच पंकजानं खुर्ची पुढं ओढली. ती अजिनाथची थोरली बहीण, सकाळीच पाथर्डीहून आली होती. आईच्या छातीत दुखतंय असं भावानं फोनवर सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं होतं, कशानं? त्याला सांगता आलं नव्हतं. घरी येऊन तिनं आईचा झंपर सोडून पाहिला, तर कुशीवर निळंहिरवं पडलेलं. तशीच ती सगळ्यांना गाडीत घालून नगरला, एक्स-रे काढायला घेऊन आली होती.

"एक बरगडी नुकतीच मोडलीय," डॉक्टर म्हणाल्या. "या दोन त्याआधीच्या. त्या जुळायला लागल्यात. आजी पडल्या होत्या का?"

"पडंल कशी? लकवा मारल्यापासून खाटंवर हाय. कूससुदीक दुसऱ्यानं बदलावी लागती."

"कोण बदलतं?"

"आत्ता बाहेर गेली ती."

डॉक्टरांनी अजिनाथकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

"माझी नागापूरला ड्युटी असती, मॅडम. दिवसभर मी घरी नसतो."

"मी आईला इचारलं, कुनी मारलं म्हनून," पंकजा म्हणाली. "लकव्यानं वाचा गेली तिची. पर यवढं नाव घेतलं. पनिता म्हनली. ह्याच्या देखत."

अजिनाथनं मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते कळलं नाही.

"डोक्याचाही फोटो काढू," डॉक्टर म्हणाल्या. "तिथंही मार असेल तर मला पोलिसांना कळवावं लागेल."

छबूबाईंचं स्ट्रेचर पुन्हा एक्स-रेच्या खोलीकडे निघालं. बाकावरून प्रणिता सवयीनं उठली आणि सासूचा घसरलेला पदर सारखा करायला पुढं झाली. पंकजा मध्ये येऊन उभी राहिली. बाकावरची माणसं बघायला लागली. प्रणिता मागं सरकली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

डोक्याचा फोटो पडद्यावर आला. डॉक्टरांनी दोघांना जवळ बोलावलं. कवटीवर जागोजाग काळी, गोल भोकं दिसत होती. अजिनाथ कंपनीत पत्र्याला भोकं पाडायच्या मशीनवर होता. ही भोकं त्याला अगदी तशीच वाटली.

"डोक्यात घातलं का हिनं?" पंकजाचा आवाज चिरकला.

"नाही. मारानं हाडाला चीर जाते, अशी भोकं पडत नाहीत." डॉक्टरांनी बरगड्यांचा फोटो पुन्हा लावला, मोठा केला. "इथंही आहेत बघा, बारीक. मघाशी मी फक्त मोडलेलं बघत होते. हा हाडाच्या आतल्या मगजाचा आजार वाटतोय. कॅन्सरच्या जातीचा. रक्त तपासल्याशिवाय नक्की सांगणार नाही. पण असली बरगडी नुसत्या खोकल्यानंही मोडते."

"अन् ते निळं?"

"हाड मोडलं की आत रक्त साकळतं."

पंकजा खाली बसली. पण तिचं समाधान झालं नव्हतं. "मंग आईनं तिचंच नाव का घेतलं?"

तेवढ्यात स्ट्रेचर परत आलं. डॉक्टर छबूबाईंवर वाकल्या.

"आजी, पाणी देऊ का?"

"पनिता," छबूबाई म्हणाल्या.

"थंडी वाजतेय?"

"पनिता."

"ही कोण, तुमची लेक ना?"

"पनिता," छबूबाई म्हणाल्या आणि दाराकडे बघत राहिल्या.

पंकजानं सावकाश भावाकडे मान वळवली. "हे तुला ठाऊक हुतं?"

"तेवढा एकच शब्द येतो तिला," अजिनाथ म्हणाला. "पर मला वाटलं, असंल बी. मी घरी नसतो ना."

स्ट्रेचर आत आणताना दार उघडंच राहिलं होतं. प्रणिता उंबऱ्याशी उभी होती. डॉक्टरांनी तिला आत बोलावलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"लई दुखत असंल का त्यांना?" तिनं विचारलं.

"हो. दुखतं."

"मंग मी कूस बदलायची तवा..."

"तुमची काही चूक नाही."

प्रणिता रडली नाही. ती अजिनाथसमोर जाऊन उभी राहिली.

"ताई पाथर्डीला ऱ्हात्यात. त्यांना न्हाई ठाऊक. तुमी तर रोज ऐकत हुता."

पंकजानं तिचा हात धरला. प्रणितानं तो धरू दिला, पण तिकडं पाहिलं नाही.

"रक्त घ्यायचंय," दारातून सिस्टर म्हणाली. "आजींना उचलून खुर्चीत बसवा. कोणी तरी एकजण या."

अजिनाथ आणि पंकजा, दोघांनीही प्रणिताकडे पाहिलं. तिनं पदर खोचला. स्ट्रेचर ढकलत ती रक्त घ्यायच्या खोलीपर्यंत गेली आणि दारात थांबली.

"दोघंबी आत या," ती म्हणाली. "मी त्यांना उचलते तवा बघत ऱ्हावा."