पोस्टमास्तरांचे बाथ बॉम्ब

अर्धांगाच्या झटक्यानंतर निवृत्त पोस्टमास्तरांच्या बायकोचा उजवा हात रुसला होता. व्यायामाचा रबरी चेंडू “मी काय तान्हं बाळ आहे?” म्हणत तिने खिडकीबाहेर भिरकावला, तोही डाव्या हाताने. मग पोस्टमास्तरांनी व्हिडिओ पाहून बाथ बॉम्ब, म्हणजे टबातल्या पाण्यात फसफसत विरघळणारे सुगंधी गोळे, करायला घेतले: खायचा सोडा, सायट्रिक ॲसिड, खोबरेल, वाळक्या गुलाबपाकळ्या. पाण्याचा नुसता हबका मारायचा असतो. त्यांनी वाटीभर ओतलं. पातेलं फसफसून उतू गेलं. “सरका, जन्मात काही धड केलं नाहीत,” म्हणत तिने नवं मिश्रण कालवलं. गोळा एका हाताने वळेना, तेव्हा उजवा हात न बोलावताच मदतीला आला. पहिला फुटला, दुसरा टिकला. पोस्टमास्तर गंभीरपणे छताकडे बघत राहिले. “आपल्याकडे आंघोळीचा टब कुठंय?” तिने विचारलं. “नाहीये.” तिने उजव्या हाताच्या बोटांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “लबाडच आहात. जा, आणखी सोडा आणा.”