लेबलावरचा शिपाई

ब्रह्मदेशच्या लढाईत फौजेच्या पत्रकासाठी हसरी चित्रं काढणारा जागेश्वर गोंदियाला परतला, तेव्हा बिडी कारखान्याच्या शेठजींनी त्याला पहिलं काम दिलं. बंडलाच्या लेबलावर हसरा शिपाई हवा होता.

जागेश्वरनं आपल्याच पलटणीतला उदाराम काढला. हसरा, आणि एका पायाचा.

"लंगडा काऊन काढला बे?" शेठजी भडकले.

"पाय तिकडंच राहिला त्याचा. भरती झाला तवा टेसनावर तुमीच हार घातला त्याले. काल काम मांगाले आला, त हाकलून देलं. बिडी का पायानं वळतेत, शेठजी?"

हार घालायला शेठजींचं काही जात नव्हतं. कामावर ठेवायचं म्हणजे रोजचं आलं.

"अरे भाई, लंगडा दारात बसला की धंद्याला अपशकुन. दुसरा पाय काढ, नाहीतर चालता हो."

जागेश्वरनं तिथंच बसून दुसरा पाय काढला. धोतरातली गुबगुबीत पोटरी, खाली टोकदार चकचकीत जोडा.

"हा कोणाचा पाय?"

"तुमचाच. लढाईले गेलाच नाही, म्हणून शाबूत हाय."