लार्ते मिस्त्रीचं रोजचं चित्र

लार्ते मिस्त्रीनं समोर बसून वही उघडली, तसं न्हाव्यानं गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडली आणि दुकानाचं दार आतून लावून घेतलं.

"अहो, नुसतं चित्र काढतोय!" मिस्त्री बाहेरून ओरडला.

"दुसऱ्या कुणाचं तरी काढा!" आतून उत्तर आलं. "माझी पोरं लहान आहेत अजून!"

मिस्त्रीला त्यातलं काही कळलं नाही. माणूस हातानं जितका हुशार, तितकाच बाकी सगळ्या बाबतीत भोळा. तेशी गावची माणसं भारी लाजाळू, असं मनाशी म्हणत त्यानं पेन्सिल कानावर खोचली आणि वाट धरली.

चित्राचं हे खूळ त्याच्या मुलीनं डोक्यात घातलं होतं. आमेर्ले कुमासीच्या कॉलेजात चित्रकला शिकत होती. सुटीत घरी आली, कारखान्यात डोकावली आणि तिनं नाक मुरडलं.

"बाबा, परत मासाच?"

खोटं नव्हतं ते. मिस्त्रीनं लाकडाचा मासा केला की मांजरं मागं लागावीत, असा हात. पण मासा, कोकोची शेंग, मोटार, आणि फिरून मासा! रस्त्यापलीकडच्या कारखान्यातला अनांग म्हणजे कालचं पोर. त्यानं शिवणयंत्र केलं, मोबाइल केला, परवा तर पंख पसरलेला कोंबडा केला, आतून साटीनचं अस्तर लावलेला. लोक ढोल वाजवत त्याच्याकडे जाऊ लागले. मिस्त्रीच्या मालाबद्दल तक्रार घेऊन आजवर कुणी परत आलेलं नव्हतं, पण नवं गिऱ्हाईकही येईना.

"डोक्याला गंज चढलाय तुमच्या," आमेर्ले म्हणाली. "रोज सकाळी एक चित्र काढायचं. समोर दिसेल त्या माणसाचं. बरं येवो, वाईट येवो, काढायचं. हात चालला की कल्पना आपोआप सुचतात."

मिस्त्री वही घेऊन बाहेर पडला आणि तेशीत पळापळ सुरू झाली. मासळीवाली टोपलीआड दडली. गाडी भरल्याशिवाय जागचा न हलणारा ड्रायव्हर रिकामी गाडी घेऊन सुसाट सुटला.

पळाली नाही ती एकटी कोर्कोर. साठीची विधवा, खणखणीत आवाजाची. मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे गोळे, म्हणजे केंके, पानात गुंडाळता गुंडाळता तिनं वर पाहिलं. तिचा हात थांबला.

"माझं काढताय?"

"तुमची हरकत नसेल तर."

"माझ्या हरकतीला विचारतंय कोण!" डोक्याचा रुमाल सारखा करून ती म्हणाली, "काढा. कोर्कोर कुणाला भीत नाही. फक्त घाई करू नका, मिस्त्री. सावकाश होऊ दे."

मिस्त्रीच्या काळजात लक्कन हललं. बायको गेल्यापासून त्याला इतक्या मायेनं कुणी 'सावकाश' म्हटलं नव्हतं.

मग तो रोज तिच्याच टपरीवर बसू लागला. त्याच्या ताटातला तळलेला मासा मोठा होऊ लागला. कोर्कोर एरवीच्या दिवशीही चर्चला जायचा लेसचा पोशाख घालून येऊ लागली. ज्या बहिणीचं वर्षानुवर्षं तोंड पाहिलं नव्हतं, तिला बोलावून तिनं गळामिठी मारली. तेमा शहरात राहणारे तिचे दोन्ही मुलगे सारखे येऊन जाऊ लागले.

"संपलं का चित्र?" ती रोज विचारायची.

"छे! अजून कुठं!"

असं त्यानं म्हटलं की तिचा चेहरा उजळायचा आणि ताटात वर एक अंडं पडायचं. मिस्त्री आला की बाया आवाज खाली आणत, त्याला सावलीतली जागा देत. एकीनं तर डोळे टिपले. प्रेम काही लपत नाही, असं मिस्त्रीला वाटलं आणि तो कानापर्यंत हसला.

आमेर्लेचं म्हणणंही खरं ठरलं. हात मोकळा झाला. कारखान्यात भलाथोरला कांदा उभा राहिला, मागोमाग तुतारी. अनांग दोनदा काहीतरी निमित्त काढून डोकावून गेला. पण मिस्त्रीचा जीव आता कांद्यात नव्हता, कोर्कोरमध्ये होता. ती नाही म्हणाली तर उरलेलं आयुष्य एकट्यानं लाकूड तासत काढायचं, या विचारानं त्याची झोप उडाली.

शेवटी एका मंगळवारी, होड्या समुद्रात जात नाहीत म्हणून बाजार सुना होता तेव्हा, त्यानं ठेवणीतलं वस्त्र खांद्यावर घेतलं आणि श्नॅप्स दारूची बाटली काखेत मारली. मोठ्या गोष्टीची बोलणी तिच्यावाचून करतात का कुठं!

बाटली पाहताच कोर्कोरच्या हातातला डाव पातेल्यात पडला.

"आजच?"

"आता थांबवत नाही, कोर्कोर. चित्र काढणं पुष्कळ झालं. पुढचं बोलायला हवं."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं." तिनं डोळे पुसले. "सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

"गल्लीलाही?" मिस्त्री सुखावला. "आणि तुमची मुलं?"

"ती काय बोलणार! मला मागं दवाखान्यातून घरी आणल्यापासून नुसती गोड गोड वागताहेत. त्यांनीच पाठवलं असणार तुम्हाला."

मुलांचीही हरकत नाही! मिस्त्रीनं तिचा पिठाचा हात हातात घेतला. तिनंही तो सोडवला नाही.

"मग तुमच्या तोंडून एकदा ऐकू दे. तुमच्या मनात काय आहे?"

"विचारलंत म्हणून सांगते," कोर्कोर नाक ओढत म्हणाली. "शवपेट्या तुम्ही देखण्याच करता, मिस्त्री. न्हाव्याच्या बापाला ज्यात पुरलं तो मासा मी पाहिलाय. पण पोरांनी काही का सांगितलं असेना, मला केंकेच्या गोळ्यात घालून पुरू नका. जन्म गेला त्या गोळ्यांपुढे. माझं विमान करा. आणि खिडक्या ठेवायला विसरू नका."