एकही फुटता कामा नये

"भात अजून गरम आहे," कप्तान म्हणाला. "गरम भाताचा गोळा तेलात गेला की स्वतःचं पोट फाडून घेतो. थांब."

चष्मेवाला थांबला. परातीत पसरलेल्या केशरी भातावर वर्तमानपत्रानं वारा घालत राहिला.

कप्तान खरा कप्तान नव्हताच. उभं आयुष्य त्यानं मालवाहू जहाजांवर भटारखाना सांभाळला होता. निवृत्त होऊन या गल्लीत राहायला आला तेव्हा लोकांनी त्याला परस्पर बढती देऊन टाकली, आणि त्यानंही कधी आढेवेढे घेतले नाहीत. चष्मेवाल्याचं मात्र खरोखरच कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान होतं.

हिवाळ्यात कप्तानाच्या मुलीनं त्याला घरी आणलं आणि याच्याशी लग्न करणार म्हणून सांगितलं. कप्तानानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अट घातली. आमची पोरगी चहासुद्धा करपवते, तेव्हा दोघांपैकी एकाला तरी रांधता यायला हवं. आरांचिनी करून दाखव. म्हणजे आत सारण भरलेले भाताचे तळलेले गोळे, इटलीच्या एका बंदरात तो स्वतः शिकला होता अगदी तसे. एकही फुटता कामा नये, चवीत खोट निघता कामा नये. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी मी हो म्हणेन. मुलगी खो-खो हसली आणि दूरच्या शहरात आपल्या पुलाच्या कामावर निघून गेली. चष्मेवाला दर रविवारी हात धुऊन ओट्यापाशी उभा राहू लागला.

पहिल्या रविवारी कढईत गोळे गेले आणि बाहेर नुसता राडा आला. दोघांनी तो चमच्यानं खाल्ला. पुढे खिमा पाणचट झाला, मग चीज वितळलंच नाही, मग पावाच्या चुऱ्याचं चिलखत झालं. एकदा सगळं जमलं, तर कप्तान म्हणाला की हे भिंगासारखे घासून आणलेत, जेवणात माणसाचा हात दिसायला हवा. वाफेनं चष्म्यावर धुकं धरलं की कप्तान आपल्या सदऱ्याच्या टोकानं तो पुसून परत त्याच्या नाकावर ठेवी. भांडी घासून झाल्यावर दोघं गॅलरीत बसत. वादळात भातासकट पातेलं कसं उडालं ते कप्तान सांगे, आणि चष्मेवाला त्याच्या वाचायच्या चष्म्याचे ढिले स्क्रू आवळून देई. मुलीचा विषय कप्तान काढत नसे. अट पुरी होईपर्यंत त्या विषयाला कुलूप असणार, असं चष्मेवाल्यानं गृहीत धरलं होतं. तोही काढत नसे.

भात निवला. चष्मेवाल्यानं हाताला पाणी लावलं, तळव्यावर भाताची वाटी केली, आत खिमा, मटार आणि चीजचा तुकडा बसवला, वरून भात ओढून तोंड बंद केलं. पिठाच्या पातळ घोळात बुडवून चुऱ्यात लोळवलं. मग एकेक करून सगळे गोळे तेलात सोडले.

तेलासमोर बोलायचं नाही, हा जहाजावरचा नियम या घरातही होता. दोघं कढईकडे टक लावून उभे राहिले. गोळे फिरले, रंगले, पिकल्या संत्र्यासारखे वर आले. एकही फुटला नाही.

आता निकाल फक्त चवीवर होता.

कप्तानानं एक गोळा मोडला. चीजची तार निघाली. त्यानं घास तोंडात घेतला आणि इतका वेळ चावला की भिंतीवरच्या घड्याळालाही संकोच वाटावा.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची आत्या आली. ही कप्तानाची थोरली बहीण. नातवाच्या बाळंतविड्यापासून त्याच्या रांगण्यापर्यंत ती मुलाकडे मुक्काम ठोकून होती आणि कालच परतली होती. वासानं खाली ओढून आणलं म्हणाली. न विचारता तिनं एक गोळा संपवला, मग दुसरा उचलला.

"केशर जरा कमी पडलंय," कप्तान हळूच म्हणाला.

आत्याचा हात थांबला. तिनं भावाला फैलावर घेतलं. म्हणाली, जन्मभर खलाशांना करपलेलं खायला घातलंस आणि आता या पोराला केशर शिकवतोस. असला गोळा तुला स्वतःला तरी कधी जमला होता का. पोर दुकान बंद ठेवून रविवारचे रविवार तुझ्या ओट्यावर घाम गाळतंय आणि तू त्याचा छळ मांडलायस.

"नाही आत्या," चष्मेवाला म्हणाला, "मलाही कमीच वाटतंय. पुढच्या रविवारी नीट करतो."

आत्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. असला जावई आपण जन्मात पाहिला नाही म्हणाली. दोघांची मिळून एक अक्कल असेल, तीही आज रजेवर गेलेली दिसते. मग तिनं कमरेचा फोन काढला. तुम्ही बसा केशर मोजत, मी पोरीला कळवते की तिचा बाप हो म्हणाला.

"अगं, राहू दे," कप्तान उठला.

"कामात असेल ती," चष्मेवालाही उठला.

दोघांचे हात एकदमच पुढे आले आणि हवेत एकमेकांवर आपटले. आत्या पाठ फिरवून दारापर्यंत पोचलीसुद्धा. तिला कमी ऐकू येई, म्हणून तिचा फोन सगळ्या घराला ऐकू जाईल असाच लागे. पलीकडे मुलीनं उचलला. आत्यानं दणक्यात सांगून टाकलं की तुझ्या त्यानं अट पुरी केली, बाबा हो म्हणालेत, आता तारीख काढू या.



"आत्या, आमचं उन्हाळ्यातच मोडलं," मुलगी म्हणाली. "बाबांना मी त्याच दिवशी सांगितलं होतं. तो अजून येतो तिकडे?"