त्र्याऐंशी दिवस

रामकिसननं कागद टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर तळहात दाबून धरला. पंखा बंद होता, तरीही.

"तुम्ही न्हाई म्हणा, मॅडम. तुमचं ऐकंल ती. माझं ऐकून न्हाई राह्यली."

जालन्याच्या मस्तगड भागातल्या या वरच्या मजल्यावर उमा सेलूकर दहा-बारा मुलांना गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत असे. पलीकडच्या खोलीत पेपर चालू होता. तो सोडवणाऱ्यांत आकांक्षा होती, रामकिसनची मुलगी. एनडीएची लेखी परीक्षा ती पास झाली होती. पहिली पसंती नौदल. परवा मुलाखतीसाठी भोपाळची गाडी होती. अठरा वर्षं पूर्ण नव्हती, म्हणून संमतिपत्रावर वडिलांची सही लागत होती. कागद आठवडाभर घरात पडून होता.

"मीच का नाही म्हणू?" उमानं विचारलं.

"तुम्ही स्वतः नेव्हीत जाऊन आल्त्या म्हणून. दुसऱ्यानं सांगितलं तर म्हणंल, तुम्हाला काय माहीत. आमची माय तर म्हणती, समुद्र राहू द्या, पोरीला गोदावरीत घोट्याच्या वर जाऊ देऊ नका." तो जरा हसला आणि लगेच थांबला. "एकच पोरगी आहे मला. खरं सांगा. तुम्ही तिथं साहेब होत्या. मंग वापस का आल्या?"

उमानं चष्मा काढून ठेवला. जहाजावर वॉच, म्हणजे जहाज चालवण्याची पाळी, सांभाळणाऱ्या पहिल्या बायकांपैकी ती एक, हे जालन्यात पुष्कळांना ठाऊक होतं. लोक तेवढ्यावर थांबत. पुढचं कुणी विचारत नसे.

"नोकरी चौदा वर्षांचीच होती. बायकांना त्या वेळी त्याहून जास्त मिळत नसे. माझ्याबरोबरचे पुरुष राहिले, मी आले."

"चौदा वर्षं समुद्रात?"

"नाही. समुद्रात त्र्याऐंशी."

"महिने?"

"दिवस."

रामकिसन खुर्चीत पुढे सरकला.

"मला आणि आणखी एकीला जहाजावर पाठवलं तो एक प्रयोग होता," उमा म्हणाली. "प्रयोग थांबला. बायकांसाठी वेगळी सोय नाही, असं कारण होतं. उरलेली वर्षं मी किनाऱ्यावरच्या गोदामात काढली. दोर, रंग, ताडपत्र्या. आता नियम बदललेत, मुली जहाजावर जातात. पण आकांक्षाच्या वाट्याला काय येईल ते मी सांगू शकत नाही. मला माहीत नाही."

"मंग झालं की." रामकिसनचे खांदे सैल झाले. "हेच सांगा तिला. बिलकुल हेच."

"सांगितलंय. दोन वर्षांपूर्वी. ती इथं आली त्या पहिल्याच दिवशी."

त्यानं पलीकडच्या दाराकडे पाहिलं. "काय म्हणली?"

"तिनं विचारलं, त्र्याऐंशीव्या दिवशी काय झालं?"

"अन् काय झालं?"

"पहाटे चार ते आठ जहाज माझ्याकडे होतं. वारा नैर्ऋत्येचा, फार नाही. सहा वाजून बारा मिनिटांनी उजवीकडे दीपगृह दिसलं. खाली एकतीस मीटर पाणी. जहाज वळवायचा हुकूम मी दिला. मोठं जहाज लगेच वळत नाही. आधी काहीच होत नाही, वाटतं की त्यानं ऐकलंच नाही. मग पुढचं टोक हळूच सरकायला लागतं." तिचा उजवा हात टेबलावरून थोडा सरकला होता. तो तिनं मांडीवर घेतला. "वीस अंश वळवलं. आठ वाजता दुसऱ्याच्या ताब्यात दिलं. दुपारी उतरले."

"किती वर्षं झाली?"

"सव्वीस."

"लिहून ठेवलंय कुठं?"

"नाही."

रामकिसन म्हणाला, "गोदामातल्या एखाद्या दिवसाचं सांगता येईल का असं?"

उमानं विचार केला. खरोखरच केला, तिचे ओठ एकदा हलले.

"नाही," ती म्हणाली.

"मी अंकुशनगरला काट्यावर असतो, कारखान्यात. दिवसभर उसाच्या गाड्यांचं वजन करायचं. ड्रायव्हरला विचारा, काल किती टन आणला. त्याला आठवत न्हाई. कशाला आठवंल? पण ज्याचा ऊस असतो ना, तो दहा वर्षांमागचं वजन सांगतो. किलोसकट. बराबर."

पलीकडचं दार उघडलं. आकांक्षा हातात पेपर घेऊन उभी होती. बापाला पाहून ती उंबऱ्यातच थांबली.

"पप्पा? तुम्ही कवा आल्ते? ड्यूटी न्हाई का आज?"

"सुट्टी टाकली." त्यानं तिच्या हातातल्या पेपराकडे बघितलं. "झालं सगळं?"

"शेवटचं गणित राह्यलं. येऊन न्हाई राह्यलं ते."

"टाइम आहे का अजून?"

तिनं मॅडमकडे पाहिलं. "दहा मिनिटं आहेत," उमा म्हणाली.

"मंग इथं काय करती? जा. सोडव."

ती आत गेली. दार लागलं. रामकिसननं तळहात उचलला. घामानं कागदाचा एक कोपरा ओला झाला होता. त्यानं तो शर्टाच्या बाहीनं टिपला, खिशातलं पेन काढलं आणि एकेक अक्षर नीट काढत सही केली. सहीखाली तारीख टाकली. मग मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तारखेपुढे लिहिलं: चार वाजून सतरा मिनिटं.

त्या कागदावर वेळेसाठी रकाना नव्हता.